ला ग्लेझचा किंग टायगर उघड्यावर का ठेवला आहे, आणि तो मूळचा कितपत उरला आहे?

प्रश्न : भटकंतीवही

गेल्या हिवाळ्यात बेल्जियमच्या आर्देन प्रदेशातून जाताना ला ग्लेझ या चिमुकल्या गावात दोन तास थांबलो होतो. तेथे डिसेंबर १९४४ च्या लढाईला वाहिलेले एक संग्रहालय आहे आणि त्याच्या दाराबाहेर जर्मनीचा किंग टायगर, म्हणजेच टायगर २, हा अवजड रणगाडा उभा आहे. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, २१३ हा आकडा रंगवलेला आहे. छायाचित्रांत तो अनेकदा पाहिला होता, परंतु समोर उभे राहिल्यावर प्रथम जाणवते ती त्याची उंची. तीन मीटरांहून अधिक उंचीच्या त्या पोलादाच्या शेजारी माणूस अगदीच किरकोळ दिसतो, आणि एखादे यंत्र पाहण्याऐवजी आपण एखाद्या घराची भिंत पाहत आहोत असे वाटू लागते.

त्या दिवशी हिमवृष्टी नुकतीच थांबली होती. टरेटवर बर्फ साचलेला होता आणि तो वितळून पुढच्या तिरप्या पत्र्यावरून पाणी एकसारखे ठिबकत होते. वेल्डिंगच्या सांध्यांजवळ तांबूस ओघळ दिसले. तेव्हापासून एक शंका मनात घोळत आहे. या प्रकारचे ५०० सुद्धा रणगाडे बनले नाहीत आणि त्यांपैकी आज बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत, असे असताना त्यांतला एक बारा महिने ऊन, पाऊस आणि बर्फ खात का उभा ठेवला असेल? संग्रहालयाची इमारत तर अगदी शेजारीच आहे.

दुसरी शंका तोफेविषयी आहे. नळीच्या टोकाचा मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा मागे बसणारा धक्का कमी करणारे टोपण, मला उरलेल्या नळीच्या मानाने लहान वाटला. मी काही जाणकार नाही, त्यामुळे हा नजरेचा दोषही असू शकेल. तसेच, यावर पोर्शे या कंपनीचा नसून हेन्शेल या कंपनीचा टरेट आहे असे मी वहीत टिपून ठेवले आहे. ते बरोबर आहे का? आणि मुळात एवढे महागडे यंत्र त्याच्या चालकांनी या गावात सोडून का दिले, हेही कोणी नीट सांगितले तर बरे होईल.


प्रतिसाद : चिलखतनामा

आपली नजर चुकलेली नाही. तो मझल ब्रेक किंग टायगरचा नव्हेच. तो पँथर या मध्यम रणगाड्याच्या तोफेचा आहे. किंग टायगरची तोफ ८८ मिलिमीटर व्यासाची आणि नळीची लांबी व्यासाच्या ७१ पट, म्हणजे सुमारे सव्वासहा मीटर. पँथरची तोफ ७५ मिलिमीटरची. साहजिकच तिचे टोक येथे बारीक दिसते. हा रणगाडा गावाच्या कडेच्या वेरिमाँ नावाच्या शेतवाडीजवळ मोर्चा धरून उभा असताना अमेरिकी माऱ्यात त्याच्या नळीचा पुढचा भाग तुटून गेला. युद्धानंतरची बरीच वर्षे तो तशाच थोट्या नळीने उभा होता. पुढे डागडुजी करताना तुटलेला भाग नव्याने जोडला गेला आणि टोकाला जो मझल ब्रेक मिळाला तो बसवला गेला. त्यामुळे आज दिसणारी तोफ मागच्या बाजूने १९४४ ची आणि पुढच्या बाजूने डागडुजी करणाऱ्यांची आहे असे म्हणावे लागते.

टरेटची नोंद मात्र दुरुस्त करून घ्यावी. ‘पोर्शे टरेट’ आणि ‘हेन्शेल टरेट’ ही दोन्ही नावे युद्धानंतर रूढ झाली आणि दोन्ही दिशाभूल करणारी आहेत. दोन्ही प्रकारच्या टरेटची रचना क्रुप या कंपनीची होती. गोलसर कपाळाचा पहिला प्रकार पोर्शेच्या नाकारल्या गेलेल्या रणगाड्यासाठी आखलेला होता; तयार झालेले ५० टरेट वाया जाऊ नयेत म्हणून ते हेन्शेलच्या सांगाड्यांवर बसवले गेले. त्यानंतरच्या सर्व गाड्यांना सरळ, जाड कपाळाचा दुसरा प्रकार मिळाला, आणि २१३ वर तोच आहे. त्याच्या पुढच्या बाजूची जाडी १८० मिलिमीटर आहे. आपण ज्या तिरप्या पत्र्यावरून पाणी ओघळताना पाहिले तो सांगाड्याचा पुढचा पत्रा १५० मिलिमीटरचा आहे. त्याला पत्रा म्हणणे आपल्या भाषेची सोय झाली, प्रत्यक्षात ती लादीच आहे.

आकड्याविषयीही सांगून टाकतो, कारण पाहणारे बहुतेक जण तो अनुक्रमांक समजतात. २१३ म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या पहिल्या पथकातील तिसरी गाडी. ही कंपनी एसएस, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, ५०१ व्या अवजड रणगाडा बटालियनची होती आणि ती बटालियन डिसेंबर १९४४ मध्ये पायपर या एसएस अधिकाऱ्याच्या लढाऊ गटाला जोडलेली होती.

आता सोडून का दिले, हा प्रश्न. एका शब्दात उत्तर द्यायचे तर इंधन. पण तेवढ्यावर सोडले तर गोष्ट अर्धवट राहील, कारण इंधन संपण्याच्या आधी रस्ते संपले होते. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मनीने आर्देनमध्ये अचानक चढाई सुरू केली. पायपरच्या गटाने वेगाने पश्चिमेकडे घुसून म्यूज नदीवरचे पूल गाठायचे, असा बेत होता. या गटाच्या रांगेत किंग टायगर मुद्दाम मागे ठेवलेले होते, कारण सुमारे ७० टन वजनाच्या गाड्या अरुंद, वळणावळणाच्या, चिखलाने भरलेल्या रस्त्यांवर पुढे ठेवल्या असत्या तर पूर्ण रांगच अडली असती. १८ डिसेंबरला हा गट स्तावलोहून पुढे त्रोआ-पाँ येथे पोहोचला, तेव्हा अमेरिकी अभियंत्यांनी तेथील पूल त्यांच्या डोळ्यांदेखत उडवला. त्यामुळे रांग उत्तरेला वळून ला ग्लेझमार्गे गेली. पुढे लिएन या लहानशा नदीवरचा पूलही असाच ऐन वेळी उडवला गेला. स्तुमाँ गाव जर्मनांनी घेतले, पण त्यापुढे वाट मिळेना. दरम्यान मागे स्तावलो अमेरिकी सैन्याने परत घेतले आणि आंब्लेव्ह नदीवरचा तेथील पूल तोडला. म्हणजे पुढे जाण्याची वाट नाही आणि मागून डिझेल-पेट्रोल, दारूगोळा येण्याचीही नाही.

(वरच्या वाक्यात ‘डिझेल’ सवयीने लिहून गेलो. किंग टायगरचे मायबाख इंजिन पेट्रोलवर चालणारे होते.)

या गाडीच्या टाक्यांत ८६० लिटर पेट्रोल मावत असे आणि तेवढ्यावर ती चांगल्या रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर चालत असे, म्हणजे किलोमीटरला पाच लिटर. शेतांतून, चढणीवरून, चिखलातून हा खर्च आणखी वाढे. शिवाय, ४५ टनांच्या पँथरला जे ७०० अश्वशक्तीचे इंजिन दिलेले होते तेच या ७० टनांच्या धुडाला ओढावे लागे. त्यामुळे इंजिनावर आणि गती चाकांपर्यंत नेणाऱ्या दातेरी चक्रांवर सतत ताण असे. वेढ्यात सापडलेल्या गटासाठी विमानांतून पेट्रोल टाकण्यात आले, पण त्यातले बहुतेक अमेरिकी सैनिकांच्या हद्दीत पडले. अखेर २३ डिसेंबरच्या रात्री निघून २४ च्या पहाटेपर्यंत सुमारे ८०० सैनिक गाड्या जागच्या जागी टाकून पायी जंगलातून निसटले. जखमींना आणि बहुतेक अमेरिकी कैद्यांनाही त्यांनी मागेच ठेवले. २१३ ही त्या रात्री मागे राहिलेल्या गाड्यांपैकी एक.


प्रतिसाद : गंजविवेक

मी धातूंच्या गंजण्याचा अभ्यासक आहे, रणगाड्यांचा नव्हे; तेव्हा लष्करी तपशिलात चूक झाल्यास चिलखतनामा यांनी ती सुधारावी. उघड्यावर ठेवल्याने काय होते, एवढ्यापुरतेच लिहितो.

सर्वप्रथम एक दिलासा. आपण पाहिलेले तांबूस ओघळ चिलखताच्या दृष्टीने नगण्य आहेत. समुद्रापासून आणि मोठ्या कारखान्यांपासून दूर असलेल्या थंड, ओलसर हवेत साधे पोलाद रंगाशिवाय ठेवले तरी ते वर्षाला ढोबळमानाने २५ ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या ते विसाव्या भागाएवढे झिजते, आणि पृष्ठभागावर गंजाचा थर धरला की हा वेग पुढे मंदावतो. मंदावणे सोडून द्या आणि वरचाच वेग पूर्ण काळासाठी धरा. ८० वर्षांत दोन ते चार मिलिमीटर पोलाद जाईल. १५० मिलिमीटरच्या लादीतून चार मिलिमीटर गेले तर ते मोजपट्टीलाच कळेल. येथे तर रंगही आहे. म्हणून ‘हा रणगाडा गंजून नाहीसा होईल’ ही भीती चिलखतापुरती बाळगण्याचे कारण नाही.

परंतु रणगाडा म्हणजे केवळ चिलखत नव्हे, आणि खरी काळजी येथून सुरू होते. तोच चार मिलिमीटरचा हिशेब मडगार्डला लावून पाहा. दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा त्या हिशेबात पूर्णच संपतो. इंजिनावरील जाळ्या, धूर सोडणाऱ्या नळ्यांची आवरणे, अवजारे अडकवण्याच्या पट्ट्या, बारीक बोल्ट, बिजागऱ्या, स्प्रिंगा या सगळ्या गोष्टी चिलखताच्या कितीतरी आधी जातात. गंमत अशी की अभ्यासकाला १९४४ च्या कारखान्याविषयी आणि गाडी हाताळणाऱ्या माणसांविषयी जे कळते ते बरेचसे याच किरकोळ भागांतून कळते. जाड लादी सर्वत्र सारखीच. घाईत ठोकून बसवलेली एखादी पट्टी मात्र त्या गाडीची स्वतःची असते.

दुसरी गोष्ट साचणाऱ्या पाण्याची. पाऊस बाहेरच्या बाजूने वाहून जातो, म्हणून बाहेरचा गंज दिसायला वाईट पण स्वभावाने गरीब असतो. आत शिरलेले पाणी मात्र तळाशी बसून राहते. माणसे आत शिरू नयेत म्हणून अशा गाड्यांची झाकणे बहुतेक ठिकाणी वेल्डिंग करून बंद केलेली असतात. ते सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, परंतु झाकण बंद म्हणजे हवाही बंद. टरेट ज्या कड्यावर फिरतो तेथील फट, पाहण्यासाठी ठेवलेल्या खाचा, इंजिनावरील जाळ्या यांतून पाणी आत जातच राहते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यामुळे उघड्यावरच्या कोणत्याही रणगाड्याची प्रकृती जाणून घ्यायची असेल तर वरचा रंग पाहू नये. खाली वाकून तळाची पाणी काढण्याची भोके मोकळी आहेत की बुजलेली, हे पाहावे.

तिसरी गोष्ट फटींची. दोन पत्रे एकमेकांवर बसवलेले असतील आणि त्यांच्यामध्ये ओल शिरली तर तेथे तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो पाचरीसारखे काम करतो. बोल्ट ताणले जातात, पत्रे फुगून उघडतात. आर्देनच्या थंडीत त्याच फटीतले पाणी गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. दिवसा वितळले, रात्री गोठले, असे एका हिवाळ्यात किती वेळा होत असेल त्याची कल्पना करावी. आपण ज्या दिवशी तेथे होतात तो दिवस त्याच प्रकारचा होता.

रंगाविषयी एक मुद्दा जोडतो. सध्याचा रंग १९४४ चा नाही; उघड्यावरच्या गाडीचा असूच शकत नाही. चांगला प्रायमर आणि त्यावर रंगाचे थर हेच उघड्यावरच्या पोलादाचे एकमेव पांघरूण, आणि ते ठरावीक वर्षांनी बदलावेच लागते. पण दरवेळी जुना रंग वाळूच्या माऱ्याने पूर्ण खरवडून काढला तर त्याबरोबर १९४४ चे उरलेसुरले थर, रंगवलेल्या खुणा आणि पृष्ठभागावरचे बारीक ओरखडेही निघून जातात. म्हणजे रंगवला नाही तर गाडी जाते आणि रंगवताना घाई केली तर तिच्या अंगावरची माहिती जाते. काम करणाऱ्याने खरवडण्याआधी निदान छायाचित्रे काढून ठेवावीत आणि एखाद्या आडोशाच्या जागी जुने थर तसेच राखावेत, एवढे तर सहज करता येते.


भटकंतीवही

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. वहीतली टरेटची नोंद खोडली. वाकून तळ पाहायचे मात्र सुचले नाही. मी इतरांप्रमाणेच तोफेच्या पुढे उभा राहून छायाचित्र काढून घेतले.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. मडगार्ड, जाळ्या आणि पट्ट्या एवढ्या मोलाच्या असतील तर रणगाडा सरळ छपराखाली का नेत नाहीत? इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला टायगर १३१ हा रणगाडा छपराखाली आहे आणि तो चालतोसुद्धा.


प्रतिसाद : चिलखतनामा

टायगर १३१ चे उदाहरण आपण दिले ते बरे झाले, कारण ते आपल्या बाजूचे वाटते तितके नाही. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला तो टायगर १ आज चालतो हे खरे. परंतु त्याचे मूळ इंजिन प्रशिक्षणासाठी कापून उघडे केले गेले होते, आणि त्याला आज जे इंजिन ओढते ते एका किंग टायगरमधून काढून बसवलेले आहे. चालता ठेवायचा म्हणजे झिजलेले भाग बदलत राहावे लागतात. फ्रान्समधील सोम्युरचा किंग टायगरही चालू स्थितीत राखलेला आहे आणि तेथेही हाच व्यवहार आहे. अशा गाड्यांमुळे आवाज, वेग, धूर, जमिनीचे हादरणे हे सर्व अनुभवता येते, ही मोठीच गोष्ट आहे. पण ‘मूळची’ हा शब्द मग जपून वापरावा लागतो. चिलखताच्या जाडीचा अंदाज प्रेक्षकांना यावा म्हणून अमेरिकेत नेलेल्या ३३२ क्रमांकाच्या किंग टायगरची एक बाजू तर चक्क कापून उघडी केलेली आहे. ती गाडीही आर्देनच्या याच लढाईत हाती लागलेली, म्हणजे २१३ ची भावंडच. छप्पर मिळाले म्हणून गाडी अखंड राहते असे नाही, एवढेच सुचवायचे आहे.

आणि उघड्यावर असलेला हा एकटाच नाही. नॉर्मंडीत विमुतिए या गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक टायगर १ उभा आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये फालेझच्या वेढ्यातून माघार घेताना त्याचे इंधन संपले. चालकांनी स्फोटके लावून तो निकामी केला आणि नंतर अमेरिकी सैन्याने रस्ता मोकळा करण्यासाठी बुलडोझरने त्याला कडेला ढकलले. तेथे तो झाडोऱ्यात पडून राहिला. भंगार व्यवहारात त्याचे आतले भाग काढून नेले गेले. १९७५ मध्ये तो भंगारात जाण्यापासून वाचवण्यात आला आणि फ्रान्समध्ये त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. टायगर १ चे वजन ५७ टन. म्हणजे त्याला हलवणे किंग टायगरहून थोडे सोपे, तरीही तो पडला त्याच परिसरात राहिला.

२१३ च्या वाचण्याची हकिकत याहूनही साधी आहे. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य ला ग्लेझच्या परिसरातील मोडक्या गाड्या भंगारासाठी ओढून नेत होते. हा रणगाडा नेण्याची वेळ आली तेव्हा गावातील एका बाईने सैनिकांना कोन्याक या ब्रँडीची एक बाटली देऊन तो ठेवून घेतला, असे ला ग्लेझमध्ये सांगतात. त्यानंतर तो शेतवाडीजवळून गावातील चौकात आणि काही वर्षांनी आजच्या जागी आणला गेला. संग्रहालय त्याच्या शेजारी नंतर आले. ‘संग्रहालयाने रणगाडा बाहेर का ठेवला’ असे आपण विचारता. वस्तुस्थिती अशी की रणगाडा होता तेथे संग्रहालय आले.


प्रतिसाद : सीमोल्लंघन

आतापर्यंतची चर्चा वाचून थोडे अस्वस्थ वाटले म्हणून लिहीत आहे. मिलिमीटर, मायक्रोमीटर आणि अश्वशक्ती यांचे वाचन रंजक आहे, पण ही गाडी कोणत्या रांगेतून ला ग्लेझला आली याचा उल्लेख चिलखतनामा यांनी एका वाक्यात उरकला.

पायपरच्या या गटाने १७ डिसेंबर १९४४ रोजी मालमेदीजवळ बोन्ये येथील चौरस्त्यावर शरण आलेल्या अमेरिकी सैनिकांना मोकळ्या शेतात उभे करून गोळ्या घातल्या. त्यांत ८४ जण मारले गेले. स्तावलो आणि आसपासच्या वाड्यांमध्ये बायका-मुलांसह शंभराहून अधिक बेल्जियन नागरिकांची हत्या झाली. १९४६ मध्ये जर्मनीतील दाखाउ येथे खटला चालला, ४३ जणांना मृत्युदंड सुनावला गेला आणि त्यांपैकी एकाचीही अंमलबजावणी झाली नाही. पायपर स्वतः १९५६ च्या अखेरीस सुटून बाहेर आला. ज्या गावांनी हे सोसले त्यांच्यामध्येच हा रणगाडा उभा आहे, आणि त्याच्या टरेटवर जर्मन सैन्याचे चिन्ह नव्याने रंगवण्याचा विषय निघतो तेव्हा मला प्रत्येक वेळी प्रश्न पडतो की आपण नेमके काय जतन करत आहोत.

माझे म्हणणे तो काढून टाकावा असे नाही. उलट तो तेथेच असावा. मात्र त्याला झळाळता, सज्ज, तोफ रोखून उभा असल्यासारखा दाखवणे मला खटकते. तुटलेली नळी जोडायला नको होती. तुटक्या नळीचा रणगाडा पाहणाऱ्याला आपोआप विचारावे लागले असते की ही कोणी तोडली. आता तो प्रश्न कोणाला पडत नाही, किंवा फार तर मझल ब्रेक लहान का, असा पडतो. भटकंतीवही, हा टोमणा नाही. आपल्याला निदान तेवढा तरी पडला.


प्रतिसाद : चिलखतनामा

आक्षेप मान्य. प्रश्न गाडी का सोडली एवढाच होता म्हणून तेवढ्यावर राहिलो, पण बोन्ये आणि स्तावलो यांच्याशिवाय ला ग्लेझची हकिकत सांगता कामा नये होती.

नळीबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांनी ती जोडली त्यांच्या काळात संग्रहालयांमध्ये वस्तू ‘पूर्ण’ दाखवण्याची रीत होती, आणि थोटी नळी हे नुकसान समजले जाई. आता ती कापून पुन्हा थोटी करणे म्हणजे डागडुजीवर आणखी एक डागडुजी. त्यापेक्षा जोड कोठे आहे ते फलकावर स्पष्ट लिहावे, आणि शेजारी थोट्या नळीचे १९४५ चे एखादे छायाचित्र लावावे. खोटा मझल ब्रेक मग स्वतःच गोष्ट सांगू लागेल.


प्रतिसाद : गंजविवेक

छपराच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले होते. छप्पर घातले की प्रश्न मिटतो, असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि अवजड पोलादाच्या बाबतीत तो विशेष फसवा आहे.

७० टन पोलाद सावकाश तापते आणि सावकाश थंड होते. थंडीच्या आठवड्यानंतर एखादी दमट, उबदार वाऱ्याची सकाळ येते तेव्हा हवा तासाभरात गरम होते, पण चिलखत दिवसभर थंडच राहते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून दव सुटते तसे मग चिलखताला आतून-बाहेरून पाणी सुटते. नुसते छप्पर, किंवा भिंती आहेत पण उष्णता आणि ओल यांवर ताबा नाही अशी शेड, या पाण्याला अडवू शकत नाही. उलट तेथे ऊन आणि वारा कमी, त्यामुळे सुटलेले पाणी अधिक वेळ टिकते. गंज थांबवायचा असेल तर हवेची सापेक्ष आर्द्रता वर्षभर ५० टक्क्यांच्या खाली ठेवावी लागते. त्यासाठी बंद इमारत, ओल खेचणारी यंत्रे आणि कायमचा वीजखर्च लागतो. सव्वादहा मीटर लांबीची आणि पावणेचार मीटर रुंदीची गाडी आत नेण्याएवढे दार आणि ७० टन पेलणारी जमीन हे वेगळेच. लहान गावातील संग्रहालयाकडून ही अपेक्षा धरणे सोपे, पुरी करणे अवघड.

तरीसुद्धा छप्पर अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. वरून पडणारे पाणी आणि बर्फ थांबला तर टरेटच्या कड्यातून आत गळणारे पाणी थांबते, आणि आधी सांगितल्याप्रमाणे आतले साचलेले पाणीच सर्वांत वाईट. मला निवडायचे झाले तर मी चारही बाजूंनी मोकळे, वारा खेळता ठेवणारे उंच छप्पर निवडेन, तळाची भोके मोकळी करीन, आणि झाकणे वेल्डिंगने बंद करण्याऐवजी आतून जाळी लावून हवा येती-जाती ठेवीन. खर्च थोडा, फायदा बराच. याच भागातील उफालीझ गावातील पँथर कित्येक वर्षे उघड्यावर राहिल्याने इतका खंगला की २०१७ मध्ये त्याला उचलून बास्तोन्यला दुरुस्तीसाठी न्यावे लागले. पँथरच्या बाजूच्या चिलखताची जाडी किंग टायगरच्या सुमारे निम्मीच, हे येथे लक्षात घ्यावे. जे त्याच्या वाट्याला आधी आले ते २१३ च्या पातळ भागांच्या वाट्यालाही येतच असणार.


प्रतिसाद : सीमोल्लंघन

मोकळ्या छपरालाही माझा थोडा विरोध आहे, आणि तो मी निव्वळ पाहणारा म्हणून नोंदवतो. आज चर्चच्या बाजूने चालत आले की घरे, झाडे आणि मध्येच ही अजस्र गाडी असे एकदम समोर येते. तिचे तेथे असणे किती विसंगत आहे हे त्यातूनच कळते. छप्पर आले की ती प्रदर्शनातील वस्तू होईल.


भटकंतीवही

मला वाटले होते दोन ओळींत उत्तर मिळेल. गंजविवेक यांचे छप्पर आणि सीमोल्लंघन यांचा आक्षेप या दोन्हींपैकी एक निवडणे मला तरी जमत नाही, परंतु तळाची भोके मोकळी ठेवण्याला कोणाचाच विरोध दिसत नाही.

काढलेली छायाचित्रे या निमित्ताने पुन्हा मोठी करून पाहिली. एकात उजवीकडच्या चाकांवरच्या साखळीपट्ट्याखालची जमीन दिसते. सगळीकडे बर्फ आहे, आणि सांगाड्याच्या मधोमध खाली हाताच्या पंजाएवढा ओला, तांबूस डाग आहे. वरून कोठून तरी पाणी तेथे पोहोचत आहे, म्हणजे निदान एक भोक मोकळे आहे, असा अर्थ घ्यावा का?


प्रतिसाद : गंजविवेक

होय, तसाच घ्यावा. तांबूस डाग पाहून लोक घाबरतात, पण तळाखालचा डाग हे चांगले लक्षण आहे. पाणी आत अडकलेले नाही. पुन्हा जाणे झाले तर पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी जा आणि डाग तेव्हाही ओला आहे का ते पाहा. तेव्हाही थेंब पडत असतील तर आत बरेच पाणी साचलेले आहे आणि भोक अर्धे बुजलेले आहे असे समजावे, आणि संग्रहालयाच्या खिडकीवर जाऊन तसे सांगावे.